तुम्ही गोड करून सांगितलेलं

अहो,

जिवंतपणी तुम्हाला कधी नावानं हाक मारली नाही, आता कागदावर तरी कशी मारू? तेव्हा 'अहो'च.

तुम्हाला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. लग्न झाल्यापासून आपण एकमेकांना सोडून कधी राहिलोच नाही, मग पत्र कशाला लागतंय? आणि निरोप द्यायचाच झाला, तर सगळ्या जगाचे निरोप पोचवायला तुम्ही होतातच की!

परवा तुमचं वर्षश्राद्ध झालं. गुरुजी वेळेवर आले, पिंडाला कावळाही लगेच शिवला. पण पानावर बसायला माणूस नाही. कारखान्यातलं कोणी आलं नाही, हापिसातलं नाही, तुमच्या गावाहून, कुरुळीहूनही कोणी नाही. ज्यानं उभ्या आयुष्यात कोणाला वाकडा शब्द लागू दिला नाही, त्याच्या श्राद्धाला गुरुजी आणि समोरचा किराणावाला, एवढेच जेवले. उरलेलं अन्न मी गाईला घातलं.

आणि काल जे घडलं ते तुम्हाला सांगितल्यावाचून मला राहवत नाही. पण ते नंतर. आधी मला तुमच्याशी थोडं भांडायचं आहे.

आठवतं, चाकणला आमच्या घरी मला बघायला आला होतात? माझे वडील शाळामास्तर, तोंडानं फटकळ. तुमच्या आई, म्हणजे माझ्या आत्याबाई, कोपऱ्यात पदर सावरून बसलेल्या. निघताना त्या तुमच्या कानाशी काहीतरी पुटपुटल्या. लग्नानंतर मी विचारलं, "आत्याबाई काय म्हणाल्या होत्या हो?" तुम्ही म्हणालात, "म्हणाली, पोरीचे डोळे पाणीदार आहेत." त्या एका वाक्यावर मी सासरचं पहिलं वर्ष काढलं! कुरुळीच्या शेतातली कामं मला येत नव्हती, हाताला फोड यायचे, पण मनात असायचं, माझे डोळे आवडलेत इथं कोणाला तरी.

मग तुम्हाला नदीपलीकडच्या नव्या कारखान्यात टाइमकीपरची नोकरी लागली आणि आपण आत्याबाईंना घेऊन काळेवाडीत ही खोली केली. तुम्ही कुरुळीतले पहिले मॅट्रिक. काय रुबाब होता तुमचा! पांढरा सदरा, खिशाला पेन. घरातून निघताना "यमुने, जातो गं" म्हणायचात, पण सायकलवर टांग टाकली की तुमचं तोंडच निराळं व्हायचं. गेटावर गावाकडची माणसं भेटली की "व्हय रं, न्हाई रं". हापिसच्या पायरीवर पाय ठेवला की पुणेरी. साहेबांच्या खोलीत इंग्रजी, तेही हळू आवाजात, किंचित वाकून. मी एकदा डबा द्यायला आले तेव्हा लांबून पाहिलं होतं. तीन माणसं बघितल्यासारखं वाटलं मला. घरी आल्यावर तुम्ही पाय धुवायचात, चूळ भरायचात आणि मग पुन्हा आपले व्हायचात.

साहेबांना मराठी येत नव्हतं, माणसांना इंग्रजी येत नव्हतं. मग मध्ये तुम्ही. ते काम तुम्हाला कोणी दिलं नव्हतं, ते आपोआप तुमच्याकडे आलं.

त्या पहिल्या वेळची गंमत कोंडिबानं आपल्याच खोलीत बसून सांगितली होती. तुमचा लहानपणापासूनचा जोडीदार तो, तुम्हीच त्याला कारखान्यात चिकटवलंत. मांडी थोपटत सांगत होता, "वैनी, साहेब म्हंजी देवमानूस हाय बघा! आज समद्यांना गोळा करून म्हनला, तुमच्या जिवावर माझा कारखाना चाललाय, येवढं टायमात येत जावा. आता आसं म्हनल्यावर कोन उशिरा येईल?"

तुम्ही चहाच्या कपात बघत होतात. तो गेल्यावर मी विचारलं, "खरं काय म्हणाले साहेब?"

"म्हणाले, ह्या गाढवांना सांग, भोंग्यानंतर जो येईल त्याला गेटाबाहेर काढीन."

"अगं बाई! मग तुम्ही हे काय सांगितलंत?"

"यमुने, गाढव म्हटल्यानं कोण वेळेवर येतं? बघ, उद्या सगळे येतील."

आणि आले की हो! दुसऱ्या दिवशी भोंग्याआधी सगळे हजर. तुम्हाला केवढा आनंद झाला होता. मलाही अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू?

मग ती तुमची रीतच पडली. साहेबांच्या शिव्या तुमच्या तोंडून गेल्या की विनंती होऊन बाहेर पडायच्या. माणसांचा संताप तुमच्या तोंडून गेला की अर्ज. साहेबांना वाटायचं, ही माणसं आपल्याला मायबाप मानतात. माणसांना वाटायचं, साहेब मनाचा मोठा. दिवाळीला साहेबांनी जमिनीवर बसून सगळ्यांबरोबर फराळ केला, तेव्हा तुम्ही मला म्हणालात, "बघ, दोन्ही बाजू किती चांगल्या आहेत." अहो, चांगल्या कुठल्या? दोन्हीकडे तुम्हीच होतात! साहेब तुमच्यावर खूश होते आणि माणसंही तुमच्यावरच खूश होती. एकमेकांना कोणी बघितलंच नव्हतं.

मला तेव्हा हे कळत होतं का? थोडंफार कळत होतं. पण तुम्ही मला तरी खरं सांगता, एवढ्यावर मी समाधानी होते. तसं मला वाटत होतं.

मग तो प्रेस आला. पत्रा कापायचं ते मोठं मशीन. कोंडिबाला त्यावर घातलं तेव्हा तो पेढे घेऊन आला होता. पावसाळा संपता संपता एका संध्याकाळी तो आणि आणखी दोघं खोलीवर आले. मी चुलीपाशी होते. कोंडिबा बसलाही नाही. उभ्यानंच बोलला.

"सदाभाऊ, प्रेसचं लक्षन ठीक न्हाई. पायपट्टीला पाय लावला न्हाई तरी वरचं पातं खाली येतंय. आज माझी बोटं वाचली ती नशिबानं. साहेबाला सांग, आज दुरुस्त करा, न्हाईतर उद्या आमी हात लावनार न्हाई. आसंच सांग. गोड करू नगंस."

"सांगतो," तुम्ही म्हणालात.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुट्टीत तुम्ही त्यांना निरोप दिलात, "साहेब बघतो म्हणाले. तोवर जरा जपून चालवा." घरी आल्यावर मलाही तेच सांगितलंत. नेहमी तुम्ही मला दोन्ही सांगायचात, साहेब काय बोलले ते आणि तुम्ही काय सांगितलंत ते. त्या दिवशी एकच सांगितलंत. मी खोदून विचारलं नाही. भाजी कसली करू, एवढंच विचारलं.

कोंडिबा काय म्हणाला ते त्याच्या बायकोनं, भामानं, मला नंतर दवाखान्यात सांगितलं. ती त्याला म्हणाली होती, "नगा जाऊ त्या मशीनवर." तर तो म्हणाला, "सदाभाऊ जपून चालवा म्हंतोय, म्हंजी त्यानं साहेबाशी बोलून ठेवलंय. त्यो काय मला मरू द्यील व्हय?"

आठवडासुद्धा गेला नाही. उजवा हात गेला, मनगटापासून. पुण्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत फडकी बदलून बदलून भामाचं अर्धं लुगडं संपलं होतं.

नंतर कारखान्याच्या आवारात जे झालं, ते मी तुमच्याकडून ऐकलेलं नाही. तुम्ही कधी सांगितलंच नाहीत. किराणावाल्याचा भाऊ तिथं कामाला होता, त्यानं सांगितलं. माणसं काम टाकून उभी राहिली. साहेब बाहेर आले. त्या दिवशी मध्ये बोलायला तुम्हाला घेतलं नाही. पुण्याहून एक नवा इंजिनियर आला होता, मराठी माणूस, तो उभा राहिला. त्या पोरानं काही वावगं केलं नाही. साहेब जे बोलले ते तसंच मराठीत सांगितलं आणि माणसं जे बोलली ते तसंच इंग्रजीत.

साहेब म्हणाले, "प्रेस धोक्याचा आहे हे मला कोणी सांगितलेलं नाही."

माणसं म्हणाली, "सदाभाऊला सांगितलं व्हतं आमी."

मग सगळ्यांनी तुमच्याकडे बघितलं. इकडून माणसांनी, तिकडून साहेबांनी. तुम्ही खाली मान घालून उभे. काही बोलला नाहीत म्हणे. अहो, सगळ्यांसाठी तुम्हाला शब्द सापडायचे, त्या दिवशी स्वतःसाठी एक सापडू नये? मी सांगितलं, असं म्हणा. मी चुकलो, म्हणा. साहेब खोटं बोलतात, म्हणा. काहीतरी म्हणायचंत! तुम्ही गप्प राहिलात आणि ज्याला जे वाटलं ते त्यानं धरलं. माणसांनी धरलं की तुम्ही साहेबाला फितूर. साहेबांनी धरलं की तुम्ही माणसांना भडकवून वर काही कळू दिलं नाहीत. तुम्हाला कामावरून काढलं तेव्हा एकाही बाजूनं 'असं करू नका' म्हटलं नाही.

काळेवाडीत पोरं तुमच्या मागे "दुतोंड्या" ओरडायची. तुम्ही मला म्हणायचात, "पोरं आहेत, खेळतात."

कोंडिबा घरी परतल्यावर तुम्ही कुरुळीला गेलात. संध्याकाळी आलात तेव्हा चेहरा शांत होता. "भेटला," म्हणालात. "बरा बोलला. म्हणाला, नशिबाचे भोग, तुझा काय दोष?" मी देवापुढे दिवा लावला. पुढेही तुम्ही जात राहिलात आणि दर वेळी येऊन काहीतरी चांगलंच सांगायचात. कोंडिबा डाव्या हातानं जेवायला शिकला. कोंडिबानं तुझी चौकशी केली.

अहो, कोंडिबानं तुम्हाला दारातसुद्धा घेतलं नव्हतं! भामानंच मला सांगितलं, तुम्ही गेल्यावर. ती उंबऱ्यात आडवी उभी राहून म्हणायची, "ते घरात न्हाईत." आणि तो आत बाजेवर बसलेला तुम्हाला दिसत असायचा. तुम्ही म्हणायचात, "बरं, पुन्हा येईन." आणि सायकल वळवायचात.

म्हणजे मलाही तुम्ही गोड करूनच सांगत होतात. मग खरं कोणापाशी बोलत होतात हो तुम्ही? की कोणापाशीच नाही?

विषमज्वर झाला तेव्हा डॉक्टर विचारायचे, "कसं वाटतंय?" तुम्ही म्हणायचात, "बरं आहे, डॉक्टर. आज हलकं वाटतंय." पोटात कळा यायच्या, ओठ चावून चावून रक्त यायचं आणि डॉक्टर आले की "बरं आहे". ते बिचारे निम्मं तुमच्या बोलण्यावरूनच ओळखणार. बाहेर येऊन मला म्हणाले, "पेशंट तक्रार करत नाही, चांगलं लक्षण आहे." मी त्यांना सांगायला पाहिजे होतं का, की हा माणूस तक्रार करतच नाही म्हणून?

शेवटच्या दिवसांत एकदाच तुम्ही मोकळे बोललात. ताप चढलेला, दुपारची वेळ, मी कपाळावर पट्टी ठेवत होते. तुम्ही माझं मनगट धरलंत.

"यमुने, मी 'सवडीनं' म्हणालो गं."

"कोणाला?"

"साहेबांना. म्हटलं, प्रेस जरा सवडीनं बघून घ्यावा अशी माणसांची इच्छा आहे. आज म्हणायला पाहिजे होतं. 'आज' हा शब्द तोंडातून निघाला नाही. साहेब त्या दिवशी चिडलेले होते."

"मग साहेब काय म्हणाले?"

"म्हणाले, कामचुकारांना सबबी लागतात. ज्याला काम नको त्यानं गेट धरावं."

तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं, आता रडाल. पण डोळे उघडून तुम्ही म्हणालात, "घाबरू नकोस, ताप उतरतोय." दोन दिवसांनी गेलात.

तुमच्यामागे मी आणि आत्याबाई. कुरुळीचं घर भाऊबंदांकडे, म्हणून त्या इथंच राहिल्या. मूलबाळ आपल्याला नाही. मी शिवणकाम घेते, त्या काजं-बटणं करतात. तुम्ही होतात तेव्हा या खोलीत किती बोलणं असायचं! मला वाटायचं, आम्हा सासूसुनांचं फार जमतं. श्रावणात एक दिवस पिठलं केलं आणि सहज म्हणाले, "तुम्हाला माझ्या हातचं पिठलं आवडतं ना? तुम्हीच ह्यांना म्हणाला होतात."

त्यांनी हातातली भाकरी खाली ठेवली. "मी? मी कवा म्हनले? मला पिठलं सोसत न्हाई."

मग थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "आन तू म्हनली व्हतीस ना सदाला, आत्याबाई मला सासू न्हाई, आईच हाय म्हून?"

मी कधीच असं म्हणाले नव्हते. मी पिठल्याचं भांडं झाकून ठेवलं. त्यांनी पाणी पिऊन हात धुतला. ताट तसंच राहिलं. त्या दिवशी मला कळलं, पाणीदार डोळेही तुमचेच होते. त्या काय म्हणाल्या असतील ते विचारायची आता मला इच्छाही नाही. इतकी वर्षं एका चुलीवर जेवलेल्या आम्ही दोघी बायका, एकमेकींना अनोळखी निघालो. आता कामापुरतं बोलतो. दोरा संपला. रॉकेल आणायचंय. एवढंच.

आता कालचं सांगते.

सकाळी दारात कोंडिबा उभा. सदऱ्याची उजवी बाही गाठ मारलेली. आत्याबाई "ये रं बाबा" म्हणत उठल्याच. मी पाट दिला, पाणी दिलं. त्यानं पाण्याला हात लावला नाही.

"वैनी, काल मी निघालो व्हतो श्राद्धाला. निम्म्या वाटंवर आलो आन माघारी फिरलो. म्हनलं, आधी एक इचारावं. खरं सांगाल?"

"विचारा."

"सदानं साहेबाला सांगितलं व्हतं का न्हाई? आमी सांगितलं तसं?"

आत्याबाई त्याच्या पाठीमागे उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. हो म्हण. सगळं बळ त्या मानेत आणलं होतं त्यांनी. आणि माझ्या जिभेवर तुमचा आवाज आला हो, अगदी तुमचा, 'बजावून सांगितलं होतं भाऊ, साहेबांनीच ऐकलं नाही'. किती सोपं होतं! पण तो तुटलेला हात मांडीवर ठेवून माझ्यासमोर बसला होता. त्या हाताला तरी कोणीतरी जे झालं ते सांगायला नको का?

मी सांगितलं. 'सवडीनं' सांगितलं, साहेबांचं गेट सांगितलं, तुम्ही तापात बोललात ते सगळं जसंच्या तसं सांगितलं.

त्यानं डाव्या हातानं बाहीची गाठ नीट केली.

"म्हंजी आमी 'आजच' म्हनलो ह्ये साहेबाला ठावंच न्हवतं."

"नव्हतं."

"आन साहेब काय म्हनला ते आमालाबी न्हाई."

"नाही."

मग तो म्हणाला, "वैनी, मी मनाशी ठरवून आलो व्हतो. त्यानं सांगितलं आसंल आन साहेबानं ऐकलं नसंल, तर माझा दोस्त माझाच हाय, आसं म्हनून जावं. त्याच्या नावानं येक घास खाऊन जावा. त्यो व्हता तवर त्याच्यावर दार लावलं ते चुकलं, आसं म्हनावं." त्यानं डाव्या हातानं टोपी उचलली. "आता त्येबी न्हाई ऱ्हायलं."

तो गेला. पाण्याचा तांब्या तसाच. मी दारापर्यंत गेले, पण त्याला थांबवून काय सांगणार होते?

आत्याबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. मला म्हणाल्या, "माझ्या लेकाच्या तोंडून समद्यांचं गोड निघायचं. त्याचं येवढं येक तुला गोड करून सांगता आलं न्हाई?"

तुम्ही असतात तर काय केलं असतंत ते मला माहीत आहे. कोंडिबा रडला असता, चहा प्याला असता, हलका होऊन घरी गेला असता. रात्री तुम्ही मला म्हणाला असतात, बघ, सगळे किती चांगले आहेत. मी खरं बोलून काय मिळवलं? त्याचा दोस्त दुसऱ्यांदा मेला आणि तुमच्या आईचा लेकही. मला तरी हलकं वाटलं का? नाही हो, अजिबात नाही. तुमचं गोड बोलणं बुडवून गेलं आणि माझं खरं बोलणंही. मग माणसानं माणसाशी बोलावं तरी कसं? तुम्हाला तिथं कोणी भेटलं तर विचारा.

एक वचन मात्र देते. इथून पुढं तुमच्याबद्दल कोणी विचारलं, आता विचारणार कोण म्हणा, तरी जर विचारलंच, तर तुम्ही जे बोललात तेवढंच मी सांगेन. पदरचा एक शब्द घालणार नाही, चांगला नाही की वाईट नाही. कोणाला दुखवायचं तुम्हाला फार भय होतं, हे सांगेन. त्या भयापायी एकाचा हात गेला, हेही सांगेन. ऐकून कोणी आपल्या दारात थांबणार नाही, हे मला ठाऊक आहे.

हे पत्र लिहिताना आत्याबाईंना विचारलं, तुमच्यातर्फे ह्यांना काही लिहू का? त्या काही बोलल्या नाहीत. तेव्हा त्यांच्यातर्फे मी काही लिहीत नाही.

तुमची,
यमुना